लांडग्याचा ‘अल्फा’ आणि एका शास्त्रज्ञाची माघार

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी ‘अल्फा’ हा शब्द ऐकलेला असतो. कुत्रा पाळणाऱ्या शेजाऱ्याकडून, ऑफिसातल्या मॅनेजरबद्दलच्या कुजबुजीत, नाहीतर ‘पुरुषाने कसं वागावं’ हे शिकवणाऱ्या एखाद्या यूट्यूब चॅनेलवर. भांडून, इतरांना दाबून पहिल्या नंबरवर गेलेला नर, असा त्याचा अर्थ. कशावरून, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: लांडग्यांमध्ये असंच असतं. गंमत म्हणजे हा शब्द घरोघरी पोचवण्यात ज्यांचा मोठा हात होता, ते डेव्हिड मेक स्वतः पंचवीसहून अधिक वर्षं सांगतायत, की लांडग्यांमध्ये असं नसतं.

मेक हे लांडग्यांच्या अभ्यासातलं फार मोठं नाव. लेक सुपीरियरमधल्या आयल रॉयल बेटावर 1958 साली पर्ड्यू विद्यापीठाच्या ड्युवर्ड ॲलन यांनी लांडगे आणि मूस यांचा अभ्यास सुरू केला. त्यात मेक विद्यार्थी म्हणून आले. 1970 मध्ये त्यांचं ‘द वूल्फ’ हे पुस्तक आलं. त्या काळात अलास्का सोडलं तर अमेरिकेत लांडगा जेमतेम मिनेसोटाचा ईशान्य कोपरा आणि हे बेट एवढ्यातच टिकून होता. ज्या प्राण्याला दिसेल तिथे मारत आलो, तो मुळात जगतो कसा, हे सामान्य वाचकाला या पुस्तकाने सांगितलं. हे श्रेय मोठं आहे, ते आधी मान्य करू.

पण ‘अल्फा’ही त्याच पुस्तकातून गेला. ती कल्पना मेक यांची नव्हती. रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये बासेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर जे लिहिलं, त्यातून ती आली होती. बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेले लांडगे एकमेकांशी झगडणारच. रेल्वेच्या जनरल डब्यातली जागेची भांडणं बघून मराठी कुटुंबव्यवस्थेवर सिद्धान्त मांडावा, तसंच हे झालं.

1986 पासून मेक उन्हाळ्यात कॅनडाच्या एल्समिअर बेटावर जाऊ लागले. तिथले लांडगे माणसाला फारसे बिचकत नसत, त्यामुळे गुहेजवळ बसून त्यांना बघता आलं. दिसलं ते साधं होतं: कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्लं. पिल्लं मोठी होतात, बाहेर पडतात, जोडीदार शोधतात आणि आपलं घर थाटतात. पुढारी व्हायला कुणाला हरवावं लागत नाही, पिल्लं झाली की झालं! 1999 मध्ये ‘कॅनेडियन जर्नल ऑफ झूऑलॉजी’त त्यांनी हे मांडलं.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. ‘अल्फा’ मारला तर त्याची जागा दुसरा घेईल, असं वाटू शकतं. पण मेलेला लांडगा बाप किंवा आई असेल तर प्रश्न बदलतो. लहान कळपात अख्खं कुटुंब विखुरू शकतं. शिकारीचा कोटा ठरवणाऱ्याने कुठलं चित्र डोळ्यांसमोर ठेवलंय, यावर बरंच काही अवलंबून असतं.

माझी तक्रार इथे आहे. चूक पसरली लोकप्रिय पुस्तकातून आणि दुरुस्ती छापली शोधनिबंधात. दोन्हींचे वाचक वेगळे. आपल्या क्षेत्रात सायटेशन मोजतात, पण त्यात चुकीच्या कल्पनेचा प्रसारही ‘प्रभाव’ म्हणूनच जमा होतो. मेक यांच्या बाजूने एवढं म्हणायला हवं, की ते निबंध छापून गप्प बसले नाहीत. प्रकाशकाच्या मागे लागून त्यांनी आपलंच खपणारं पुस्तक छापणं थांबवायला लावलं. त्याला 2022 उजाडलं. सीव्हीत ही गोष्ट कुठल्या रकान्यात लिहायची, सांगा बरं?

हाच स्वभाव त्यांच्या 2012 च्या निबंधात दिसतो. यलोस्टोनमध्ये 1995-96 साली कॅनडातून 31 लांडगे आणून सोडले, आणि पुढे ‘लांडग्यांनी जंगल सावरलं, नद्या बदलल्या’ अशी कहाणी जगभर फिरली. मेक यांनी विचारलं, की पुरावा खरंच एवढा आहे का? आणि राष्ट्रीय उद्यानातलं निरीक्षण बाहेर लागू होतं का? लांडग्याला आधी सैतान केलं, आता संत करू नका, असा त्यांचा सूर. लांडग्यांवर प्रेम करणाऱ्यांना हे झोंबलं. मला वाटतं, ते बरोबर होते. चमत्काराच्या भरवशावर वाचवलेला प्राणी चमत्कार झाला नाही तर पुन्हा नकोसा होतो.

तरी एक मर्यादा राहतेच. मेक यांचं बहुतेक काम उत्तरेकडच्या, विरळ वस्तीच्या प्रदेशातलं. आपल्याकडचा लांडगा माळरानावर, धनगरांच्या मेंढ्यांच्या आसपास जगतो. 1991 मध्ये यादवेंद्रदेव झाला आणि रॉबर्ट जाइल्स यांनी गुजरात-राजस्थानातल्या लांडग्यांचा आढावा घेतला, तेव्हाही पाळीव जनावरं त्या गोष्टीच्या मध्यभागी होती. तिथला प्रश्न मिनेसोटाच्या उत्तराने सुटत नाही. ज्याची मेंढी गेली, त्याच्याशी बोलावंच लागतं.

मेक यांच्याकडून तिथे न्यायची गोष्ट निष्कर्ष नाही, सवय आहे: पुन्हा जाऊन बघायचं, आणि आपलं चुकलं असेल तर जिथे चूक पोचली तिथपर्यंत जाऊन सांगायचं. आता पुढच्या वेळी पार्टीत कुणी स्वतःला ‘अल्फा’ म्हणालं, तर विचारा, “अरे वा, पिल्लं किती?”