लीलाबाईंची अट

‘अशी ही बनवाबनवी’ मी पहिल्यांदा पूर्ण पाहिला तेव्हा शाळेत होते. टीव्हीवर लागला होता आणि घरातले सगळे पुढचा संवाद आधीच म्हणत होते. त्यानंतर तो मी तुकड्यांतच पाहत आले. कधी रील, कधी स्टिकर, तर कधी ग्रुपवर कुणी उधारी मागितली की हमखास येणारा सत्तर रुपयांचा विनोद. मागच्या वर्षी कर्वेनगरमधल्या एका रूममध्ये, सामान बांधून झाल्यावर, टेम्पो यायला उशीर होता म्हणून मोबाइलवर तो पुन्हा सुरुवातीपासून लावला. आणि हा सिनेमा कशाबद्दल आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

तो भाड्याच्या खोलीबद्दल आहे. हे इतकं उघड आहे की आपण ते विसरतो. १९८८चा सिनेमा, दिग्दर्शक सचिन, संवाद वसंत सबनीसांचे. मुळात १९६६च्या हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वर बेतलेला. शीर्षकातच बायको आणि घर शेजारी शेजारी ठेवणारा तो हिंदी सिनेमा जास्त सरळ बोलतो. मराठीने शीर्षकात फसवणूक पुढे आणली आणि घर मागे ढकललं. पण गोष्ट तीच. पुण्यात चार तरुणांना राहायला जागा हवी आहे. एकाची नोकरी इथे, धाकट्या भावाचं डॉक्टरकीचं शिक्षण इथे, उरलेल्या दोन मित्रांना दुसरीकडे आसरा नाही. जागा आहे, पण ती फक्त जोडप्यांसाठी. मग परशुरामची पार्वती होते, सुधीरची सुधा होते, आणि दोन ‘जोडपी’ लीलाबाई काळभोरांच्या घरात राहायला जातात.

पुण्यात कधी रूम शोधली असेल तर या गोष्टीत अतिशयोक्ती फक्त साडीची आहे, हे तुम्हाला माहीत असेल. कर्वेनगरात कॅनॉल रोडच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये खांबाखांबावर कागद चिकटवलेले असतात. ‘मुलींसाठी रूम, कॉट बेसिस.’ कॉट बेसिस हा शब्द मी पुण्यात येण्याआधी ऐकला नव्हता. त्याचा अर्थ असा की भाडं खोलीचं नाही, खाटेचं. खोलीत चार खाटा, चार भाडी. खालच्या मजल्यावर मालक, वर मुली. बाहेर मेस, झेरॉक्सचं दुकान, आणि पुन्हा मुली.

सिनेमात घरमालक दोन आहेत, आणि प्रेक्षकाने कुणाचा राग करायचा आणि कुणावर माया करायची हे सिनेमा ठरवून टाकतो. विश्वास सरपोतदार खडूस. भाडेकरूकडे एकामागून एक माणसं येऊन थडकतात आणि त्याचा पारा चढत जातो. सुधीर जोशींनी तो असा केलाय की त्याचं चिडणं हाच आपला आनंद होतो. लीलाबाई मात्र प्रेमळ. त्या ‘सुनां’ची काळजी करतात, पार्वती गरोदर आहे असं कळल्यावर घरात डोहाळजेवण होतं, गाणं होतं. एकाने घराबाहेर काढलं, दुसरीने घरात घेतलं. इतका सरळ हिशेब.

या वेळी पाहताना मला तो हिशेब पटला नाही. सरपोतदाराला काय हवंय? त्याचे पैसे, त्याची जागा आणि थोडी शांतता. तो भाडेकरूच्या खिशात डोकावतो, आयुष्यात नाही. लीलाबाईंना मात्र भाडेकरू विवाहित हवा, संसारी हवा, शक्य तर बाळंत होणारा हवा. सरपोतदाराकडे भाडं देऊन सुटता येतं, लीलाबाईंकडे नातं द्यावं लागतं. आणि नातं नसेल तर ते रोज सकाळी उठून, साडी नेसून, वठवावं लागतं. सिनेमातला सगळा विनोद या वठवण्यातून येतो. लक्ष्मीकांत बेर्डेंचा पदर घसरला की आपण हसतो, पण त्याच्या चेहऱ्यावर पकडलं जाण्याची जी धास्ती आहे ती खरी आहे. मराठी सिनेमात भाडेकरूची धास्ती इतकी नेमकी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

तेव्हाच्या मालकांनाही धास्ती होती, हे मान्य करायला हवं. त्या काळात मुंबई प्रांताचा १९४७चा भाडे नियंत्रण कायदा लागू होता. जुन्या जागांची भाडी त्याने १ सप्टेंबर १९४० या तारखेच्या पातळीला बांधून ठेवली होती, आणि एकदा शिरलेला भाडेकरू बाहेर काढणं म्हणजे कोर्टात वर्षं घालवणं. अशा वेळी मालक भाडेकरूचा ‘स्वभाव’ पारखणार हे ओघानेच आलं. सिनेमा या कायद्याचं नावही घेत नाही, पण सरपोतदाराच्या चिडण्यामागे तो उभा आहे. आज १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे. त्यातल्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची असते. ‘लिव्ह अँड लायसन्स’ची मुदत संपली की जागा सोडावीच लागते. म्हणजे धास्तीने बाजू बदलली. अकरा महिन्यांचं घड्याळ आता आमच्या भिंतीवर आहे. अटी मात्र लीलाबाईंच्याच राहिल्या.

सिनेमात जे नाही, त्याबद्दल बोलायला हवं. एक म्हणजे खोली शोधणारी बाई. सिनेमाभर बायका आहेत, पण त्या मालकीण आहेत, भाची आहेत, प्रेयसी आहेत. भाड्याने राहणाऱ्या ज्या दोन बायका आहेत ते पुरुष आहेत. पुरुषाला बाई होऊन जागा मिळते, यात एक गृहीतक दडलेलं आहे की बाई असणं म्हणजे घरात ठेवण्याजोगं असणं. या उपनगरात ते गृहीतक आजही चालतं. ‘मुलींना प्राधान्य’ असं लिहिलेलं असतं तेव्हा आम्हाला आधी बरं वाटतं. नंतर कळतं की प्राधान्य यासाठी, की मुलींना साडेनऊला फाटक बंद होतं हे सांगता येतं. मित्र आला तर खालूनच बोला, हे सांगता येतं. आईवडिलांचा नंबर मागून घेता येतो आणि तो वापरता येतो.

खरं तर बायकांनी राहायचं कुठे, हा प्रश्न या भागात सिनेमाहून खूप जुना आहे. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६मध्ये सुरू केलेला विधवांसाठीचा आश्रम १९००मध्ये इथे, हिंगण्याला आणला. तेव्हा हे शहराबाहेरचं माळरान होतं. गावात ज्या बायकांना सन्मानाने राहता येत नव्हतं त्यांना शिकता यावं, म्हणून आधी राहायला जागा केली गेली. आज त्याच कर्व्यांच्या नावाच्या नगरात मुली शिकायला येतात आणि पहिला आठवडा जागा शोधण्यात घालवतात.

दुसरी गैरहजर गोष्ट जात. सिनेमातल्या चौघांना लग्न झालंय का हे विचारलं जातं, पण कोण आहात हे कुणी विचारत नाही. माने, सरपोतदार, काळभोर अशी आडनावं घुमतात, पण ती फक्त हाका मारायला. ही सिनेमाची उदारता आहे असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटतं, की त्या प्रश्नातून विनोद निघाला नसता म्हणून तो टाळला. आम्ही तिघी एकत्र रूम शोधत होतो. मी उदगीरची, एक सोलापूरकडची, एक नंदुरबारची. तिसरीने आडनाव सांगितलं की दोन ठिकाणी बोलणं तिथेच मंदावलं. ‘कळवतो तुम्हाला.’ कुणी थेट काही विचारलं नाही. थेट विचारायची गरजच उरलेली नाही, कारण आता दुसरा, सभ्य प्रश्न आहे: व्हेज ना?

तिसऱ्या ठिकाणी तो प्रश्न आला आणि मी हो म्हणाले. तिघींच्या वतीने. आडनावं मी भराभर सांगून टाकली आणि लगेच पाण्याची वेळ विचारली.

आमची बनवाबनवी चौदा महिने चालली. एकदा करारही नवा केला. अंडी आम्ही रात्री उशिरा, खिडकी लावून उकडायचो. उदबत्ती लावायचो. टरफलं वर्तमानपत्रात गुंडाळून सॅकमधून कॉलेजच्या कचराकुंडीपर्यंत न्यायचो. सुरुवातीला याचंही हसूच यायचं. एकमेकींना आम्ही पार्वती आणि सुधा म्हणायचो. खाली राहणाऱ्या काकू एकट्या होत्या, मुलगा परगावी. त्या चांगल्या होत्या, आणि अडचण तीच होती. संक्रांतीला त्यांनी आम्हाला वाण दिलं. माझी परीक्षा असली की दार हळू लावायच्या. सोलापूरच्या मैत्रिणीला ताप आला तेव्हा त्या न सांगता मुगाची खिचडी घेऊन वर आल्या. गॅसवर अंडाकरी होती.

त्यांनी पातेलं ओट्यावर ठेवलं आणि खाली गेल्या. दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “खायचं ते खाल गं, त्याचं मला काही नाही. पण वर्षभर माझ्या तोंडावर खोटं बोलत राहिलात.” महिनाअखेरपर्यंत वेळ दिली आणि डिपॉझिटमधला एक रुपयाही कापला नाही. नोंदणी केलेल्या करारात अंड्यांबद्दल एक शब्द नव्हता. पण आमच्यातला करार तो नव्हताच.

टेम्पोची वाट पाहताना मी जो शेवट पाहिला तो हा सगळा प्रकार डोक्यात घेऊन पाहिला. सिनेमात सोंग उघडं पडतं, लीलाबाई माफ करतात, जोड्या जुळतात. लहानपणी हा शेवट मला उदार वाटायचा. पण माफी कशामुळे शक्य होते ते बघा. फसवणारे आता खरोखरच नवरे होणार आहेत. जी अट खोटं बोलून पाळली ती शेवटी खरीच पाळली जाते. लीलाबाईंना बदलावं लागत नाही, अटीलाही नाही. एकटा, अविवाहित माणूस या घरात का राहू शकत नाही, हा प्रश्न पहिल्या अर्ध्या तासात इतक्या मजेत उभा करून सिनेमा तो लग्नाच्या मांडवात सोडून देतो. आमच्याकडे असा मांडव नव्हता. नंदुरबारच्या मैत्रिणीने कुणाशी लग्न केलं म्हणून तिचं आडनाव काकूंना चालणारं झालं असतं का, मला माहीत नाही.

तरी मी हा सिनेमा मोडीत काढणार नाही. मराठीत शिकायला पुण्यात आलेल्या मुलाची गोष्ट म्हटलं की ‘कोसला’ आठवतो. १९६३ची कादंबरी, पांडुरंग सांगवीकर, होस्टेल, मेसचे घोळ. पण होस्टेल ही संस्था असते; तिथे रेक्टरशी भांडता येतं. घरमालकाच्या डोक्यावरच्या मजल्यावर, त्याच्या भल्याबुऱ्या नजरेखाली राहणं ही वेगळी गोष्ट आहे. त्यात चांगुलपणाचंसुद्धा ओझं होतं. ते ओझं ‘बनवाबनवी’ला ठाऊक आहे. लीलाबाई जितक्या मायेने वागतात तितका धनंजय माने अवघडतो, आणि अशोक सराफ ते अवघडणं एका नजरेत दाखवून पुढच्या विनोदाकडे जातात. तो नजरेचा क्षण या सिनेमातला सर्वांत खरा क्षण आहे. सिनेमा तिथे थांबला असता तर कदाचित इतका चालला नसता. पण आपण पाहणाऱ्यांनी तिथे थांबायला हरकत नाही.

काकूंना मी एक गोष्ट विचारायला हवी होती: सुरुवातीलाच खरं सांगितलं असतं तर रूम दिली असती का? त्या म्हणाल्या होत्या की खाण्याचं काही नाही. मला त्यांच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. पण मी विचारलं नाही. उत्तर ‘हो’ आलं असतं तर आमचं खोटं आमच्यापाशीच उरलं असतं, आणि ‘नाही’ आलं असतं तर त्यांची खिचडी आठवताना दर वेळी ते ‘नाही’ आठवलं असतं. धनंजय मानेही लीलाबाईंना हे विचारत नाही.

नवीन रूम शोधताना आम्ही तिघींनी ठरवलं की आडनावं आणि अंडी, दोन्ही पहिल्या वाक्यात सांगायची. चार ठिकाणी नकार आला. पाचव्या ठिकाणी मालक दारातच उभे होते. आत बोलावलं नाही, पाणी विचारलं नाही. म्हणाले, भाडं पाच तारखेच्या आत, मोटर चालू राहिली तर दंड, बाकी मला काही सांगू नका. भाडं आधीपेक्षा हजाराने जास्त. आम्ही तिथेच हो म्हटलं.

त्यांना आम्ही आपापसात सरपोतदार म्हणतो. प्रेमाने.