सूचीतली वेठ

वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून शासनाने बाबासाहेबांचे इंग्रजी खंड काढले. आज ते मोबाइलवर उतरतात. पण ग्रंथ हाती येणे निराळे नि ग्रंथात वाट सापडणे निराळे. दुसऱ्या खंडातले, १९२८ च्या महार वतन विधेयकावरचे भाषण घ्या. शहापूर-मुरबाडचा विद्यार्थी आजोबांच्या तोंडचा शब्द, 'वेठ', शोधायला टाकतो. काहीच येत नाही. यंत्र शब्द शोधते, आशय नव्हे. आशय शोधतो तो सूचीकार. पण त्याची सूची पृष्ठांकाला बांधलेली. पडद्यावर पाने हलली की ती निकामी.

विद्वत्ग्रंथांना खुणा करण्याची 'टीईआय' ही पद्धत १९८७ पासून घडत गेली, २००२ मध्ये एक्सएमएलमध्ये आली. तिच्यात सूचीची नोंद थेट परिच्छेदातच रोवता येते, मग तिथे तो शब्द नसेना का! हा तिचा खरा गुण. मात्र शीर्षक कोणते द्यावे, हे ती सांगत नाही. प्रमाणपद्धतीने ते सांगूही नये. ते खूण करणाऱ्याच्या हाती. 'वतन : पाहा महसूल' लिहिणारा आणि 'वतन : पाहा वेठ' लिहिणारा एकच ग्रंथ वाचत नसतात.