सोळा हायड्रोजन, पाच ऑक्झॅलेट, दोन परमँगनेट

बारावीच्या रसायनशास्त्राच्या जर्नलमध्ये एक समीकरण हमखास असतं. बहुतेक जण ते पाठ करतात, प्रॅक्टिकलच्या परीक्षेत उतरवतात आणि विसरून जातात. डावीकडे दोन परमँगनेट आयन, पाच ऑक्झॅलेट आयन आणि सोळा हायड्रोजन आयन. बाणापलीकडे दोन मँगनीज आयन, कार्बन डायऑक्साइडचे दहा रेणू आणि पाण्याचे आठ. शाळा-कॉलेजच्या रसायनात इतकं बांधेसूद समीकरण मला दुसरं दिसत नाही.

आधी त्यात काय नाही ते पाहावं. बाटलीवर पोटॅशियम परमँगनेट लिहिलेलं आहे, पण समीकरणात पोटॅशियम नाही. सल्फ्युरिक ॲसिड ओतलं, पण सल्फेट नाही. हे प्रेक्षक आयन, द्रावणात जसे आले तसेच शेवटपर्यंत राहिले, म्हणून गाळले. आणि ज्यांच्या देण्याघेण्यावर सगळं उभं आहे ते इलेक्ट्रॉनही इथे लिहिलेले नाहीत. एक परमँगनेट आयन पाच इलेक्ट्रॉन घेतो, एक ऑक्झॅलेट दोन देतो. हिशेब चुकता व्हायचा तर दोन परमँगनेटना पाच ऑक्झॅलेट हवेत. दहा दिले, दहा घेतले, दोन्हीकडून कटले. समीकरणातले दोन आणि पाच हे आकडे म्हणजे त्या दहा इलेक्ट्रॉनांचा मागे राहिलेला माग.

आता सोळा. हा आकडा भलामोठा वाटतो, पण त्यात एकही हायड्रोजन फुकट नाही. दोन परमँगनेटमध्ये ऑक्सिजनचे आठ अणू आहेत, ते आठही पाण्यात जातात, आणि आठ पाण्यांना सोळा हायड्रोजन लागतात. प्रभार मांडला की विश्वास बसतो: डावीकडे उणे दोन, उणे दहा, अधिक सोळा, म्हणजे अधिक चार, उजवीकडे दोन मँगनीजचे मिळून अधिक चार. ॲसिड घालताना हात आखडता घेतला तर हे सोळा पुरे पडत नाहीत आणि फ्लास्कमध्ये मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी गढूळपणा येतो. समीकरणातला आकडा असा डोळ्यांना दिसतो. ॲसिडही सल्फ्युरिकच लागतं. हायड्रोक्लोरिक घेतलं तर त्यातल्या क्लोराइडवरही परमँगनेट खर्ची पडतं. नायट्रिक तर स्वतःच ऑक्सिडीकारक. प्रेक्षक आयन खरोखर प्रेक्षकच राहावा याची खबरदारी बाटली उचलतानाच घ्यावी लागते.

या समीकरणावरून टायट्रेशन करताना तीव्रता आधीच पक्की असलेलं प्रमाण द्रावण मात्र परमँगनेटचं करत नाहीत, ऑक्झॅलिक ॲसिडचं करतात. परमँगनेटच्या स्फटिकांत थोडं मँगनीज डायऑक्साइड असतंच, शिवाय द्रावण उजेडात हळूहळू विघटित होतं. वजनावरून त्याच्या तीव्रतेची हमी देता येत नाही. ऑक्झॅलिक ॲसिडचे पाण्यासह असलेले स्फटिक स्वच्छ आणि स्थिर, रेणुभार १२६. त्यातले १.५७५ ग्रॅम तोलून २५० मिलिलिटर द्रावण केलं की ते ०.०५ मोलर. विश्वासाचं एक टोक इथे घट्ट बांधलं जातं, पुढचं सगळं त्याला धरून चालतं.

फ्लास्कमध्ये पिपेटने मोजलेलं १० मिलिलिटर ऑक्झॅलिक ॲसिड, त्यात विरल सल्फ्युरिक ॲसिड, आणि ६० ते ७० अंशांपर्यंत तापवणं. ब्युरेटमधून जांभळ्या परमँगनेटचा पहिला थेंब पडतो आणि रंग जातच नाही. फ्लास्क फिरवत राहिलं तरी गुलाबी झाक रेंगाळते. नवखा विद्यार्थी घाबरतो, एंड पॉइंट आला असं समजतो. मग काही क्षणांत रंग नाहीसा होतो. दुसरा थेंब त्याहून लवकर, आणि नंतरचे पडताक्षणीच. याचं कारण उजवीकडचा तो मँगनीज आयन. तो या अभिक्रियेतूनच तयार होतो आणि तयार झाला की तिलाच वेग देतो. तापवूनही सुरुवात मंद असते ती तो अजून नसतो म्हणून. समीकरणात तो नुसता उत्पादन म्हणून बसला आहे. वेळ दाखवायची सोय बाणात नाही. म्हणून मला हे समीकरण फ्लास्क समोर ठेवूनच वाचावंसं वाटतं. कागदावर हिशेब पुरा होतो, काचेत त्याला चाल येते, मैफल रंगत जाताना लय वाढावी तशी.

रंगाचीही एक खुबी आहे. परमँगनेट इतकं गडद की ब्युरेटमध्ये द्रावणाच्या वक्र पृष्ठाची खालची कड दिसत नाही, रिडिंग वरच्या कडेचं घ्यावं लागतं. त्यातून झालेला मँगनीज आयन मात्र विरल द्रावणात जवळजवळ रंगहीन. त्यामुळे वेगळा दर्शक घालावा लागत नाही. ऑक्झॅलेट संपल्यावरचा एखादा थेंब पांढऱ्या टाइलवर ठेवलेला फ्लास्क फिका गुलाबी करतो. तो रंग अर्धा मिनिट टिकला की पुरे. तो कायम राहावा अशी अपेक्षा चुकीची, कारण उरलेलं परमँगनेट मँगनीज आयनांशी सावकाश अभिक्रिया करतच असतं. कॉन्स्टंट ब्युरेट रिडिंग ९.८ आलं तर परमँगनेटची तीव्रता ०.०२०४ मोलर, ०.०५ ला १० ने गुणून ९.८ ने भागायचं आणि त्याच्या दोन-पंचमांश घ्यायचे. तो दोन-पंचमांश पुन्हा त्या दहा इलेक्ट्रॉनांचाच.

परमँगनेटने लोह मोजण्याची पद्धत फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्गरित यांनी १८४६ मध्ये मांडली. जर्नलमधला मोहर सॉल्टचा प्रयोग त्याच कुळातला. त्या क्षाराला जर्मन रसायनशास्त्रज्ञ मोहर यांचं नाव आहे. तिथे एका परमँगनेटला लोहाचे पाच फेरस आयन, तापवायचं नाही, कारण गरम द्रावणात हवेतला ऑक्सिजनच फेरसला फेरिक करू लागतो. रंग पहिल्या थेंबापासून झटपट जातो. प्रयोग म्हणून तो सुटसुटीत आहे, मार्कही तेवढेच मिळतात. तरी निवड करायची झाली तर मी ऑक्झॅलेटकडेच वळेन, त्या पहिल्या हट्टी थेंबासाठी.