दहाच्या आत मालकंस

पुण्यात गाणं ऐकायला मिळत नाही अशी तक्रार कोणी केली, तर तो माणूस शहरात नवा आहे असं समजावं. गणपती उठले की दिवाळी पहाट, दिवाळी आटोपली की 'सवाई', त्याच्या पाठोपाठ वसंतोत्सव आणि इतर महोत्सव, मग चैत्र, मग गुरुपौर्णिमेचे कार्यक्रम. वर्तमानपत्रातला 'आजचे कार्यक्रम' हा चौकोन हिवाळ्यात अर्धं पान खातो. एकाच संध्याकाळी टिळक स्मारकात खयाल, भरत नाट्यला नाट्यसंगीत आणि कोथरूडला गझल असं असतं, आणि कुठे जावं यावरून घरात मतभेद होतात. एवढं सगळं असूनही गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या शहराच्या गाण्यातून एक मोठा तुकडा निघून गेला आहे. तो म्हणजे रात्र.

'सवाई'पासूनच सुरुवात करावी लागते. गायक सवाई गंधर्व 1952 साली गेले. गुरूच्या स्मरणार्थ भीमसेन जोशींनी 1953 मध्ये हा उत्सव सुरू केला आणि आर्य संगीत प्रसारक मंडळानं तो चालवला. एके काळी तो रात्र-रात्र चालायचा. रात्री सुरू झालेलं गाणं उजाडेपर्यंत पोचायचं, शेवटच्या सकाळी भीमसेन बसायचे आणि श्रोते उन्हातून डोळे किलकिले करत घरी जायचे. 2011 मध्ये भीमसेन गेल्यावर उत्सवाच्या नावात त्यांचंही नाव आलं. पुढे बरीच वर्षं सांगता प्रभा अत्र्यांच्या गाण्यानं होत असे. जानेवारी 2024 मध्ये त्याही गेल्या.

रात्र गेली ती ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळे. 2000 सालच्या या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी केली, 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती आणखी घट्ट केली. वर्षातल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सवलत मिळते. आता 'सवाई' दुपारी सुरू होतो आणि दहाला मिटतो, शनिवारी बाराला. मंडपाच्या शेजारी आजारी माणूस झोपलेला असू शकतो, हे खरंच आहे. नियमाशी माझं भांडण नाही. मात्र त्याचा हिशेब रागांच्या भाषेत कोणी मांडत नाही, तो मांडायला हवा.

आधी जमेची बाजू, कारण तीही आहे. दुपारी तीनला सत्र सुरू होऊ लागल्यापासून भीमपलास, मुलतानी, पटदीप, मधुवंती या रागांना पुण्यात मोठं व्यासपीठ मिळालं. रविवारी सत्र बाराला सुरू झालं तर शुद्ध सारंग, गौड सारंगही कानावर पडतो. रात्रभराच्या मैफलींच्या काळात या रागांना शिकवणीची खोली आणि आकाशवाणी एवढेच आसरे होते. तरुण गायक-गायिकांना दुपारचीच वेळ मिळते, त्यामुळे मुलतानीची उत्तम तयारी असलेली एक पिढीच उभी राहिली आहे. दुपारी तीनला येऊन बसणारा श्रोताही जातिवंत असतो. सेल्फी काढणारे सहानंतर येतात.

आता खर्चाची बाजू. दरबारी, अडाणा, मालकंस हे उत्तररात्रीकडे झुकणारे राग आता नऊला गावे लागतात. सोहनी, परज, कालिंगडा यांचं तर मैफलीत घरच उरलेलं नाही. बसंतानंतर परज आणि परजानंतर उजाडताना ललत, असा प्रवास एका रात्रीत ऐकणारे लोक अजून पुण्यात आहेत, पण त्यांचे केस पांढरे झाले आहेत. रागांचं समयचक्र हा निव्वळ संकेत आहे, दक्षिणेत कुठे ते इतकं पाळतात, असा युक्तिवाद होतो. असेल संकेत. पण रात्री एक वाजता समोर बसलेला श्रोता वेगळा असतो. त्याची दिवसाची कामं संपलेली असतात, शेवटची बस चुकलेली असते, त्याला कुठेच जायचं नसतं. असा माणूस समोर असला की विलंबित खरंच विलंबित राहतं. नऊला सुरू झालेल्या मालकंसात कलाकाराची नजर सारखी विंगेतल्या माणसाकडे जाते, आणि तो माणूस घड्याळाकडे बोट दाखवत असतो.

या साऱ्यात एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. ही बंदी उघड्या जागेपुरती आहे, बंद सभागृह तिच्यातून वगळलेलं आहे. 1968 पासून उभ्या असलेल्या बालगंधर्व रंगमंदिरात साडेनऊच्या नाटकाचा पडदा बारानंतर पडतो आणि कोणी पोलिसांना फोन करत नाही. मग त्याच रंगमंदिरात साडेनऊला बागेश्री का सुरू होत नाही? कायदा आडवा येत नाही, मग कोण येतं?

उत्तर आयोजकांच्या सवयीत आहे. पुण्यातल्या सभागृहातली एक सरासरी संध्याकाळ बघा. पत्रिकेवर सहा वाजता असं छापलेलं. सव्वासहाला निवेदिका येते आणि सूर, साधना, समर्पण असे शब्द वापरते. दीपप्रज्वलन होतं, काडी दोनदा विझते. मग प्रायोजकाचा सत्कार, सभागृह मिळवून देणाऱ्याचा सत्कार, ज्येष्ठ श्रोत्याचा सत्कार. शाल, श्रीफळ, पुणेरी पगडी. प्रमुख पाहुणे 'मला संगीतातलं काही कळत नाही' असं सांगून वीस मिनिटं संगीतावर बोलतात. सातला पहिला कलाकार बसतो, आणि नऊ-साडेनऊला सभागृहाची वेळ संपत असल्यानं दुसऱ्या कलाकाराला तासही मिळत नाही. मध्यंतर असतंच, कारण बटाटेवडा ठरलेला असतो. ज्या कलाकाराचं नाव वाचून लोक आलेले असतात त्याचा बडा खयाल पंचवीस मिनिटांत आटपतो, मग मध्यलय, मग अभंग. अभंगाला टाळ्या जोरात पडतात आणि पुढच्या वर्षीचा कार्यक्रम त्या टाळ्यांवर ठरतो.

'प्रवेश विनामूल्य, काही जागा राखीव' ही ओळ पुण्यातल्या संगीताचं अर्थशास्त्र सांगते. पहिल्या चार ओळी राखीव, पाचव्या ओळीपासून रुमाल. महोत्सवाचं तिकीट काढणारा पुणेकर एकट्या गायिकेच्या मैफलीला तिकीट म्हटलं की बिचकतो. यात आयोजकांचाही दोष आहेच, फुकटाची चटक त्यांनीच लावली. प्रायोजकाच्या पैशावर कार्यक्रम झाला की फलक प्रायोजकाचा लागतो आणि वेळही त्याच्याच सोयीची ठरते. कलाकाराला बिदागी मिळते, पण आपल्या नावावर दोनशे माणसं पैसे मोजून येतात की नाही हे त्याला कधीच कळत नाही. तिशीतल्या गायकाचं घर शिकवण्यांवर चालतं. त्यातल्या निम्म्या आता पडद्यावरून, बहुतेक अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी, पहाटे किंवा रात्री उशिरा होतात. कालिंगड्याची वेळ शेवटी अशी सत्कारणी लागते.

रात्र अजून जगून आहे ती घरगुती बैठकीत. सदाशिव पेठेतल्या एखाद्या जुन्या घराची माडी किंवा कर्वेनगरातल्या सोसायटीतला दिवाणखाना, सोफा उचलून आत ठेवलेला, चाळीस-पन्नास माणसं मांडीला मांडी लावून बसलेली. ध्वनिक्षेपक नाही. इथे पहिली पंधरा मिनिटं तानपुरा लावण्यात जातात आणि ती वाया गेली असं कोणालाच वाटत नाही. तानपुरा बहुधा मिरजेचा असतो (तिथल्या सतार-तानपुऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं). आधी खुंटी पिळून सूर साधारण जवळ आणायचा, मग तुंब्यावरचा मणी केसभर सरकवायचा, मग घोडीवर तारेखालचा दोरा नखानं पुढे-मागे करत जवारी शोधायची. दोरा नेमक्या जागी आला की तार उघडते आणि नुसत्या खर्जातून गंधार ऐकू यायला लागतो. सभागृहात विजेवर चालणाऱ्या पेटीनं हे काम बटणावर आणलं आहे. ती पेटी बेसूर होत नाही, पण खोली भरत नाही. बैठकीत तबलजीला हात दाबून वाजवावं लागतं, कारण गाणाऱ्याचा आवाज उचलून द्यायला कोणी नसतं. समेवर 'क्या बात है' म्हणणारा माणूस हाताच्या अंतरावर असतो आणि त्यानं चुकीच्या जागी दाद दिली की गायिका मिस्कील हसते. बाराला पोहे येतात, मग पुन्हा एक राग.

अशा बैठकांची अडचण उघड आहे. निमंत्रण वर्तुळात फिरतं, त्या वर्तुळाबाहेरच्याला दारच सापडत नाही. आडनावं तीच ती पंधरा-वीस असतात. बैठक फाउंडेशनसारखी मंडळी महापालिकेच्या शाळांत कलाकार नेऊन हे वर्तुळ फोडू पाहतात, तो प्रयत्न मला महोत्सवातल्या पंचवीस सत्रांहून मोलाचा वाटतो. भास्करबुवा बखल्यांनी 1911 साली स्थापन केलेल्या भारत गायन समाजात संध्याकाळी डोकावलं तर अजूनही पेटीवर सरगम घोटणारी मुलं दिसतात. सदाशिव पेठेतल्या नारद मंदिरात कीर्तन ऐकायला कोणाचं निमंत्रण लागत नाही. पूर्वरंग जरा पाठ झालेला असतो, पण उत्तररंगात बुवांनी नाट्यपद उचललं आणि पेटीवाला रंगात आला, तर ती पुण्यातली सर्वांत कमी खर्चाची मैफल ठरते.

शहराच्या पूर्वेकडची कथा वेगळी असेल असं वाटलं होतं. 2010 मध्ये एनएच सेव्हन वीकेंडर हा संगीत महोत्सव पुण्यातच सुरू झाला, कोरेगाव पार्क-मुंढव्याच्या बाजूला जॅझ आणि रॉक वाजवणाऱ्या जागा आल्या, इझी वाँडरलिंग्ससारखे पुण्याचे बँड देशभर ऐकले गेले. पण तिथेही तोच रोग जडला. मोठ्या हिरवळीवरचा महोत्सव जोरात आणि मंगळवारची संध्याकाळ भकास. बुधवारी बारमध्ये स्वतःची गाणी वाजवायला बसलेल्या मुलांना तिसऱ्या गाण्यानंतर टेबलावरून हिंदी सिनेमाच्या गाण्याची फर्माईश येते. दहाला मालक आवाज कमी करायला सांगतो. मालकंसवाल्यांनी या मुलांशी एकदा बोलायला हरकत नाही.

मग पुण्यात जोरात वाजतं ते काय? ढोल. पावसाळा सुरू झाला की नदीपात्राच्या कडेनं पथकांचे सराव लागतात. अभियांत्रिकीची मुलं, बँकेतल्या बायका, आठवीतली पोरं पावसात भिजत ढोलाच्या दोऱ्या ताणत असतात, तळहाताला फोड आलेले, कमरेला बांधलेल्या ढोलाच्या वजनानं पाठ वाकलेली. ताशेवाला ठेका बदलतो आणि शंभर टिपरं एकदम पडतात. शहरातले सामान्य लोक मोठ्या संख्येनं स्वतः वाजवतात असं हे एकच संगीत आहे, आणि समीक्षक त्याला संगीतात धरत नाहीत. धरायला हवं, आणि मग त्याच्यावर समीक्षाही करायला हवी: पथकं वाढली तसे ठेके कमी झाले, ताशाचं बारीक काम ढोलांच्या गर्दीत बुडालं. ऑगस्ट 2024 मध्ये हरित लवादानं पथकात तीसच वादक असावेत असं सांगितलं, सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. सारी चर्चा ध्वनीच्या पातळीची झाली. तीस जणांत ताशा अधिक चांगला ऐकू आला असता, हे म्हणायची हिंमत मात्र कोणाला झाली नाही.

'सवाई'वर एवढी टीका करूनही दर डिसेंबरला मी तिथे असतो. 2018 मध्ये तो रमणबागेतून मुकुंदनगरला गेला तेव्हा पेठांतल्या लोकांनी सुतक पाळल्यासारखं केलं, कारण रमणबागेत चालत जाता यायचं. मुकुंदनगरला ती जवळीक नाही, पण मैदान मोठं आहे आणि भारतीय बैठकीतली मजा तीच आहे. चटई, शाल, थर्मास. एक आजोबा वहीत राग, ताल आणि सुरू झाल्याची वेळ लिहीत असतात. मागे कोणीतरी वायरची पिशवी उघडतं आणि लाडवाचा वास येतो. तबल्याचा एकल कार्यक्रम लागला की अर्धा मंडप पिठलं-भाकरीच्या रांगेत जातो, आणि तिथे मैफलीपेक्षा जास्त जाणकार समीक्षा ऐकायला मिळते, एकमेकांना अजिबात न जुमानणारी. शेवटी सवाई गंधर्वांच्या भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लागते तेव्हा मात्र सगळे गप्प उभे राहतात.

या लोकांना रात्री घरी जायची सोय हवी, ही आयोजकांची अडचण खोटी नाही. वाकडला, हडपसरला राहणाऱ्यानं साडेबाराला बालगंधर्वबाहेर काय करायचं? रिक्षावाला नाही म्हणतो आणि ॲपवरची टॅक्सी भाडं दुप्पट सांगते. पण सप्टेंबर 2024 पासून पिंपरीहून थेट स्वारगेटपर्यंत मेट्रो आहे, आणि गणेशोत्सवात ती मध्यरात्रीनंतरही धावते. म्हणजे शहरानं मनावर घेतलं तर जमतं.

तेव्हा मागणी साधी आहे. महिन्यातला एक शनिवार, एक बंद सभागृह, रात्री साडेनऊची वेळ, एकच कलाकार आणि दोन खरे तानपुरे. सत्कार नको, पाहुणे नकोत, मध्यंतरात चहा पुरे. तिकीट लावा, बिचकू नका, मी काढतो. पहिल्या चार ओळींवरची 'राखीव'ची पाटी तेवढी काढा.