आधी षड्ज जुळवा

मंडळी, दोन तानपुऱ्यांची तुलना कशी करायची, हे नांदगावच्या रसिकांना आम्ही सांगायला नको. एक काळी एकला आणि दुसरा काळी चारला लावलेला असताना कुणाची जवारी खुललीय, असा निवाडा कुणी देत नाही. आधी दोन्ही एकाच षड्जावर आणतात. पण कन्व्हर्टरच्या, म्हणजे डिजिटल फाइलमधले आकडे विजेच्या लहरीत उतरवणाऱ्या डब्याच्या परीक्षणात ही साधी अट बहुतेकदा विसरली जाते. आमचा आक्षेप तेवढाच आहे.

परीक्षणं काय म्हणतात? 'डग्गा भरदार झाला', 'गळ्यावरचा पडदा दूर झाला'. बरं, एका डब्यातून २ व्होल्ट बाहेर पडतात आणि दुसऱ्यातून २.३, असं समजा. हा फरक सुमारे १.२ डेसिबलचा होतो. गोम अशी, की एवढा फरक कानाला 'मोठा' वाटेलच असं नाही. तो 'चांगला' वाटतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवलं, की आवाजाची पातळी वाढली की खर्जाकडचे सूर त्या मानाने जास्त ठळक ऐकू येतात. मग डग्गा भरदार कुणी केला? डब्याने, की कानाने?

यावर कुणी म्हणेल, 'आम्ही कानाने पातळी जुळवतो.' पण जो कान साक्षीदार, त्यालाच पंच कसं करायचं? मोबाइलमधलं मोजणीचं ॲपही इथे पुरत नाही; हात जरा हलला की आकडा बदलतो. त्यापेक्षा १००० हर्ट्झचा स्थिर सूर वाजवा, स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर लावा आणि ज्याचा आवाज जास्त, त्या कन्व्हर्टरचा आवाज उतरवा. एक टक्क्याच्या आत आलात, की फरक ०.१ डेसिबलहून कमी. स्वस्त मीटर या सुराला थोडा चुकीचा आकडा दाखवेल. पण आपल्याला खरा आकडा नको, दोन आकडे सारखे हवेत.

मग दुसऱ्याला नाणं उडवून डबे बदलू द्या, आणि कुठला वाजतोय ते तुम्ही न बघता ओळखा. १६ पैकी १२ किंवा जास्त वेळा नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. तेवढं जमलं, तर फरक आहे असं खुशाल म्हणा.

'जास्त व्होल्टेज हाही गुणच की!' असेल, ॲम्प्लिफायरला गरज असेल तर जरूर घ्या. पण त्याला नादाची गोडी म्हणू नका. एखादं संगीत मंडळ वर्गणी जमवून असा डबा घेतं, तेव्हा परीक्षणातल्या त्या एका शब्दावर लोकांचे पैसे जातात. जो फरक ॲम्प्लिफायरची कळ जराशी फिरवून फुकट मिळतो, त्यासाठी त्यांनी हजारो रुपये का मोजावेत? म्हणून परीक्षण वाचताना पहिला प्रश्न हाच विचारू या: पातळी जुळवली होती का, आणि कशाने? उत्तर नसेल, तर पुढची विशेषणं वाचायची घाई नको.