पुस्तकातली चूल आणि वर्गातली चूल

चित्रपुस्तक वाचून दाखवावे आणि त्याच तासाला मुलांकडून एखादा पदार्थ करवून घ्यावा, ही रीत आता आपल्या शिशुवर्गांतही रुळू लागली आहे. शिक्षकांसाठी निघणाऱ्या हस्तपुस्तिकांत अमुक पुस्तकासोबत अमुक पदार्थ अशा जोड्याच लावून दिलेल्या आढळतात. या रीतीला विरोध करण्याचे आम्हांला काही कारण दिसत नाही. पदार्थ कसा व्हावा, हे त्या विषयाच्या जाणकारांनी सांगावे. परंतु त्या तासात पुस्तकाचे काय होते, हा प्रश्न समीक्षेचा आहे, आणि तो आजवर कोणी फारसा विचारलेला नाही.

आम्ही पाहिलेल्या एका तासाचीच गोष्ट घेऊ. एरिक कार्ल यांचे भुकेल्या सुरवंटाचे पुस्तक (१९६९) वाचून झाले होते. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन नासपती, अशी चढती भाजणी शुक्रवारच्या पाच संत्र्यांपर्यंत जाते. शनिवारी सुरवंट दहा भलभलते पदार्थ खातो, रात्री त्याचे पोट दुखते, आणि रविवारी एक हिरवे पान खाल्ल्यावर त्याला बरे वाटते. पुस्तकाच्या पानांना भोके पाडलेली आहेत, व त्या भोकांत बोट घातल्यावाचून कोणतेही मूल पुढे सरकत नाही. बाईंनी पुस्तक मिटले आणि फळांची कोशिंबीर करावयास घेतली. सुरी मुलांच्या हाती देता येईना, म्हणून फळे बाईंनीच चिरली. मुले हाताची घडी घालून पाहत राहिली. शेवटी प्रत्येकाच्या वाटीत दोन चमचे कोशिंबीर पडली.

आता हा सुरवंट काही शिजवीत नाही, चिरीत नाही, कोणाला वाटून देत नाही. तो भोक पाडतो आणि पुढे जातो. कार्ल यांनी प्रत्येक फळ एकेकटे, आपल्या संख्येसह आणि आपल्या भोकासह मांडले. वर्गात ते सारे एका पातेल्यात कालवले गेले. पुस्तकात फळे आहेत, कोशिंबिरीतही फळे आहेत, एवढ्यावर ही जोडी जमविलेली. त्यापेक्षा प्रत्येक मुलाला एक अखंड पेरू देऊन दातांनी त्यात भोक पाडू दिले असते, आणि मागाहून मेथीचे एक हिरवे पान चावावयास दिले असते, तर ते वाचन ठरले असते. मेथीच्या कडूपणाबद्दल तक्रार झाली असती, हे खरे. पण रविवारच्या पानाचा विषय वर्गात निघाला असता.

याच्या उलट एक उदाहरण जपानचे आहे, आणि त्याची हकीकत मुळापासून सांगण्यासारखी आहे. हेलन बॅनरमन या स्कॉटिश बाईंनी हिंदुस्थानात राहत असताना सांबो नावाच्या मुलाची एक गोष्ट लिहिली. ती १८९९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. झाडाभोवती एकमेकांचा पाठलाग करता करता तीत वाघ वितळून जातात आणि त्यांचे लोणी होते. त्यासाठी बाईंनी आपला ‘घी’ हा देशी शब्दही दिला आहे. त्या तुपात सांबोची आई पॅनकेक तळते व सांबो एकटा १६९ पॅनकेक खातो. पुस्तकातील नाव व चित्रे कृष्णवर्णीयांचा अवमान करणारी आहेत, हा आक्षेप पुढे आला व तो रास्त होता. १९५३ साली निघालेली जपानी आवृत्ती १९८८ साली प्रकाशकांनी मागे घेतली. परंतु त्यापूर्वी टोकियोतील एका बालगृहात हे पुस्तक मुलांचे फार आवडते होते आणि ते वाचून तेथे पॅनकेकही केले जात. तेथील शिक्षिका रिएको नाकागावा यांना वाटले की, याहून चांगला खाऊ मुलांना द्यावा. त्यांनी तो गोष्टीतून दिला. ‘गुरी आणि गुरा’ हे पुस्तक १९६३ साली निघाले; चित्रे त्यांच्या धाकट्या बहिणीची, युरिको यामावाकी यांची आहेत. म्हणजे पुस्तकातून स्वयंपाक निघाला आणि त्या स्वयंपाकातून पुन्हा पुस्तक निघाले.

गुरी आणि गुरा हे दोन रानउंदीर. रस्त्यात त्यांना एक प्रचंड अंडे सापडते. त्याचा कास्तेला नावाचा केक करावा असे ठरते. पण अंडे घरी नेता येत नाही, म्हणून ते घरच अंड्यापाशी आणतात: भांडी, पीठ, साखर, दूध, लोणी, काडेपेटी. अंडे बुक्कीने फुटत नाही, दगडाने फुटते. दगडांची चूल मांडतात, भांड्याला लोणी फासतात, मिश्रण ओततात आणि झाकण ठेवतात. मग दोघे वाट पाहतात. आमच्या मते या पुस्तकाचे मर्म त्या झाकणात आहे. झाकणाखाली काय होत आहे ते दिसत नाही, वास मात्र रानभर पसरतो. त्या वासाने एकेक प्राणी येऊन बसतो. झाकण निघते तेव्हा पिवळाधमक फुगलेला केक. तो सर्वांना वाटला जातो आणि उरलेल्या टरफलाची ते गाडी करतात. ज्या वर्गात झाकण ठेवलेले पातेले कधी पाहिले गेले नाही, त्या वर्गाला ही गोष्ट अर्धीच कळेल. येथे वर्गातली चूल पुस्तकाची टीका लिहिते, असे म्हटले तरी चालेल.

(गोव्याच्या वाचकांस एक जाता जाता सांगावेसे वाटते. कास्तेला जपानात नेला तो सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी. नागासाकीचे बंदर त्यांच्या व्यापारास १५७१ मध्ये खुले झाले. ज्यांनी आपल्याला पाव दिला, त्यांचाच हा केक. सांबोचे तूप मात्र आपल्याकडून गेले.)

आपल्याकडे या विचाराची पूर्वपीठिका नाही असे नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरात बालमंदिर काढले. निवडणे, ओतणे, सोलणे या घरगुती कामांचे शैक्षणिक मोल त्यांनी माँटेसोरीबाईंकडून घेतले. पण बाईंना लहान मुलांसाठी कल्पित गोष्टींविषयी जो संशय होता, तो त्यांनी घेतला नाही, आणि गोष्टीला बालमंदिरात मानाचे स्थान दिले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे १९४५ साली बोर्डीस, अनुताई वाघ यांच्या साथीने, हे काम खेड्यात नेले. गोष्ट आणि हातकाम ही दोन्ही त्या परंपरेत आहेत. त्यांची गाठ मारण्याचे काम आता आपल्याकडे आले आहे.

ती गाठ मारताना आणखी दोन गोष्टी लक्षात येतात. गुरी आणि गुरा हे दोघेही मुलगे आहेत आणि रांधणे व खाणे हा त्यांचा सर्वांत आवडता उद्योग आहे. आपली भातुकली मात्र मुलींची. मुलगा तीत आला तर नवरा किंवा पाहुणा होऊन जेवावयास येतो. दुसरी गोष्ट पंगतीची. आपल्या घरांत स्वयंपाकघर ही सोवळ्याची जागा होती, आणि शाळेच्या आहारात स्वयंपाकीणबाईंच्या जातीवरून अन्न नाकारल्याच्या घटना वृत्तपत्रांत येऊन गेल्या आहेत. हत्तीपासून चिमुकल्या प्राण्यांपर्यंत सर्वांना एकाच भांड्यातून वाढले जाते, ते पान उघडे ठेवून चाळीस मुलांनी एकाच परातीतले पीठ मळले, तर त्यावर शिक्षकाने व्याख्यान देण्याची गरज नाही. देऊही नये.

तथापि आमच्या मनात सर्वांत अधिक आहे तो भाषेचा प्रश्न. बेळगाव, बडोदे, इंदूर, हैदराबाद येथील कित्येक घरांत शाळेची भाषा वेगळी, बाजाराची वेगळी, आणि मराठी स्वयंपाकघरात उरलेली आहे. याची खंत आपण सभासंमेलनांत बोलून दाखवितो. पण स्वयंपाकघरात उरलेली मराठी ही दरिद्री मराठी नव्हे. पाखडणे, चाळणे, तिंबणे, विरजणे, घुसळणे, कढविणे, परतणे, आधण येणे, वाफ जिरणे: एवढ्या नेमक्या क्रियापदांचा साठा आपल्या दुसऱ्या कोणत्या व्यवहारात शिल्लक आहे? आणि अनुवादित बालपुस्तकांच्या अखेरीस छापलेल्या कृतींत काय असते? ‘टाका’, ‘घाला’ आणि ‘मिक्स करा’. आजीच्या तोंडी असलेली भाषा पुस्तकाने पुसून टाकावी आणि तीस आपण मराठी बालवाङ्मयाची वाढ म्हणावे, हे आम्हांला मान्य होण्यासारखे नाही.

येथे कार्ल यांचेच दुसरे पुस्तक उपयोगी पडते. ‘पॅनकेक्स, पॅनकेक्स!’ (१९७०) मध्ये जॅकला न्याहारीला पॅनकेक हवा असतो. आई म्हणते, आधी पीठ हवे. मग गहू कापणे, झोडपणे, गिरणीत दळणे. कोंबडीचे अंडे, गाईचे दूध, घुसळून काढलेले लोणी, जळण, तळघरातला मुरंबा. क्रम हेच येथे कथानक आहे, आणि प्रत्येक पायरीला एक क्रियापद. हे पुस्तक वर्गात एका दिवसात संपवू नये. एके दिवशी गहू निवडावे. एके दिवशी विरजलेली साय बरणीत घालून ती हातोहात हलवीत वर्गभर फिरवावी. लोणी वेगळे होईपर्यंत हात दुखतात, व ‘घुसळणे’ हा शब्द कशासाठी आहे ते त्या दुखण्यातूनच कळते.

पॅनकेकचे मराठीत काय करावे, असे अनुवादक विचारतात. काहींनी सरळ ‘धिरडे’ केले असते. आमचे मत असे की, वाचताना पॅनकेकच म्हणावे आणि तव्यावर धिरडे घालावे. जॅकचा पॅनकेक हवेत उडून उलटा होतो. धिरडे उलथन्याने उलटावे लागते, आणि पहिले बहुधा तव्याला चिकटतेच. ते का चिकटले, यावर मुलांत जो वाद होतो, तो मराठीतून होतो.