‘बम्बई में का बा’ : स्थलांतर, हिंसा आणि दृश्यगीताची मर्यादा

प्रस्तावना

पवनेकाठचे पिंपळे गुरव आज पिंपरी-चिंचवडचे दाट वस्तीचे उपनगर आहे. महापालिका क्षेत्राची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे १० लाख होती. २०११ मध्ये ती १७ लाखांवर गेली. या वाढीत स्थलांतराचा वाटा मोठा आहे. मराठवाडा, विदर्भ, खानदेश तसेच उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेला कामगार अशा उपनगरांत भाड्याच्या खोलीत राहतो. त्याच्या अनुभवाला लोकप्रिय संगीताने कोणते रूप दिले, याचा विचार ‘बम्बई में का बा’ या भोजपुरी रॅप दृश्यगीताच्या आधारे येथे केला आहे. डॉ. सागर यांनी लिहिलेले, अनुराग सैकिया यांनी संगीत दिलेले व अनुभव सिन्हा यांनी दिग्दर्शित केलेले हे गीत सप्टेंबर २०२० मध्ये प्रसृत झाले. ते मनोज बाजपेयी यांनी गायिले आहे.

विवेचन

परगावी गेलेल्या माणसाचे गाणे आपल्याकडे नवे नाही. भिखारी ठाकूरांच्या ‘बिदेसिया’त मागे राहिलेल्या स्त्रीचा विरह आहे. अण्णाभाऊ साठे यांनी ‘माझी मैना’ या छक्कडीत मुंबईत आलेल्या पुरुषाचा विरह संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीशी जोडला. ‘बम्बई में का बा’ याच परंपरेत बसते. मात्र येथे विरहाची जागा जाब विचारण्याने घेतली आहे. गावी जमीन-घर असूनही टेम्पोत झोपणारा, सुरक्षारक्षक म्हणून दुहेरी पाळी करणारा माणूस येथे बोलतो. ‘तुम्ही येथे का येता?’ या शहराच्या प्रश्नाला तो उत्तर देतो : गावात रोजगार नाही, उपचाराची सोय नाही आणि लहान-मोठ्याचा भेद संपलेला नाही. हिंसेचा उगम स्थलांतराच्या आधीच, गावात दाखविणे हे या गीताचे खरे बळ होय.

गीताला ताजी पार्श्वभूमी होती. ८ मे २०२० रोजी करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली मृत्युमुखी पडले; जालन्याहून ते पायी मध्य प्रदेशाकडे निघाले होते. कोणी हात न उगारता घडलेली ही हिंसा समजून घेण्यास गीत मदत करते. परंतु फेब्रुवारी २००८ मध्ये महाराष्ट्रात उत्तर भारतीयांवर हल्ले झाले आणि पुणे-नाशिक परिसरातून अनेक कामगार गावी परतले, त्या उघड हिंसेविषयी ते मौन पाळते. शहराचे नाव शीर्षकात असूनही शहराचा हा इतिहास त्यात येत नाही.

दुसरी मर्यादा दृश्यरूपाची आहे. एम.आय.ए. या श्रीलंकन तमिळ वंशाच्या ब्रिटिश गायिकेच्या ‘बॉर्डर्स’ (२०१५) मध्ये कुंपण चढणारे, होड्यांत दाटीने बसलेले निर्वासित दिसतात. पण बोलते ती केवळ गायिका. येथेही कामगाराचा आवाज एका नामवंत अभिनेत्याचा आहे. बाजपेयी स्वतः बिहारमधील खेड्यातून आलेले असल्याने तो उसना वाटत नाही, हे खरे. तरीही प्रेक्षकाची सहानुभूती परिचित चेहऱ्यापाशी थांबण्याचा धोका उरतोच. पडद्यावरील अभिनेत्याला दाद देणारा रहिवासी सोसायटीच्या फाटकावरील रक्षकाचे नावही विचारीत नाही.

निष्कर्ष

शीर्षकातील प्रश्न पिंपळे गुरवमध्ये मराठीतूनही विचारता येतो. दुष्काळामुळे बीड-लातूरहून आलेल्या कुटुंबालाही खोली मिळविताना ‘बाहेरचा’ हा शब्द ऐकावा लागतो. त्याला २००८ मध्ये भाषेवरून मार खावा लागला नाही, हा फरक मोठा आहे. मात्र गाव सोडण्याची दोघांची कारणे बरीचशी समान आहेत. हे साम्य ऐकू येऊ लागले, तर स्थानिक व परप्रांतीय ही विभागणी पुरेशी ठरत नाही. या वस्त्यांतील मुले आज महाविद्यालयांत शिकत आहेत. त्यांच्या घरचा अनुभव समजून घेण्यासाठी असे गीत वर्गात अभ्यासले जावे. मात्र त्याने जे सांगितले त्याबरोबरच जे टाळले, त्याचीही चर्चा व्हावी.